साडेचार एकर आणि दोन घोड्या

ताई,

तुला न्यायच्या दिवशी तुझ्या घोड्या, मेबल आणि रोझ, फाटकाच्या पंधरा पावलं अलीकडे थांबल्या आणि हलेचनात.

आदल्या दिवसापासून पाऊस होता. अंत्यविधीवाल्यांची काळी गाडी चिखलातून आत येऊ शकली नव्हती. तुझा घोड्यांचा गुरू कॉलिन म्हणाला, "ती ज्या गाड्यावरून बटाटे न्यायची, त्यावरूनच नेऊ या. तिला चालेल." तुला चालेल याबद्दल कुणालाच शंका नव्हती. घरात वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, सहा जणांनी तुला उचलून गाड्यावर ठेवलं आणि लगाम माझ्या हातात आला. फाटक दिसेपर्यंत सगळं नीट चाललं. मग दोघी थांबल्या. मी लगाम हलवला, काही नाही. अंत्यविधीवाल्या बाई छत्री सांभाळत पुढे आल्या आणि हळूच विचारायला लागल्या, काही बिघडलंय का?

कॉलिन ब्याऐंशी वर्षांचा. काळा सूट आणि त्याखाली गमबूट. तो म्हणाला, "काही बिघडलेलं नाही. दम खातायत. इतकी वर्षं ती त्यांना इथंच थांबवत आलीये."

मग काय, आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत, ओल्या गवतात, तुझ्या घोड्यांचा दम खाऊन व्हायची वाट बघत उभे राहिलो. रोझनं शेपटी वर करून जे करायचं ते निवांत केलं. तुझी भावजय वैशाली इतका वेळ रडत होती, ती एकदम हसायला लागली आणि मग सगळेच हसले. शेवटी मला आठवलं तू काय म्हणायचीस ते. "चला गं बायांनो," मी म्हणालो. दोघींनी कान हलवले आणि निघाल्या.

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. तुला सांगायला विचित्र वाटतं, पण त्या थांबण्यात मला बरं वाटलं होतं. तुझ्या जमिनीवर त्या दिवशीही कुणी घाई केली नाही.

तुझा तो पहिला फोन आठवतो. तू तेव्हा शहरात, ईस्ट टामाकीच्या खोक्यांच्या कारखान्यात क्वालिटी बघायचीस. रविवारी ऑफिसातल्या कुणाबरोबर तरी शेतीचं प्रदर्शन बघायला गेली होतीस. संध्याकाळी फोन केलास.

"मिलिंद, मी आज घोडा चालवला."

"घोड्यावर बसलीस? या वयात?"

"बसले नाही रे. मागून चालले. नांगर धरून."

मला वाटलं, लाइन खराब आहे.

मग तू भडाभडा बोलत सुटलीस. कुणी कॉलिन म्हणून म्हातारा आहे, त्याच्या घोड्या पाऊण टनाच्या आहेत, त्यांच्या पायांना गुडघ्यापासून खाली पांढरे झुपके आहेत, आणि तरी त्या नांगर ओढताना आवाजच येत नाही. फक्त माती उलटल्याचा आवाज येतो. "कपडा फाडल्यासारखा," तू म्हणालीस. "सुती कपडा." मी म्हटलं, छान, फोटो पाठव. तू फोटो पाठवला नाहीस. सहा महिन्यांनी तू पुकेकोहे गावाच्या बाहेर साडेचार एकर घेतले, आणि त्यानंतर वर्षभरानं नोकरी सोडलीस.

तुझं माझं भांडण तिथून सुरू झालं.

आपल्या येरवड्याच्या घरात गॅलरीत एक कुंडी नव्हती. शेजाऱ्यांकडे मोगरा होता, गुलाब होता. आई एकदा कढीपत्त्याचं रोप घेऊन आली, तर अण्णांनी ते न बोलता खाली सोसायटीच्या आवारात नेऊन ठेवलं. आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले, आणि विहिरीवर पाणी मागायची पाळी आली की लांब उभे राहिले. अण्णा पोस्टात चिकटले तेव्हा त्यांनी ठरवलं, आपल्या पोरांच्या नखांत माती दिसता कामा नये. आपण दोघं शिकलो, तू केमिस्ट्री आणि मी सिव्हिल. दोघंही इथवर, परदेशात आलो. आणि तू?

हेन्डरसनच्या माझ्या घरात, जेवणाच्या टेबलावर, मी तुला हेच सुनावलं. "तीन पिढ्या लागल्या आपल्याला नांगर सोडायला. आणि तू हौसेनं परत धरतेस?"

तू आमटी भुरकत होतीस. वाटी खाली ठेवून म्हणालीस, "आजोबांनी नांगर सोडला नाही. त्यांच्याकडे नांगर नव्हताच कधी. जमीन पण नव्हती. जे आपलं नव्हतं ते सोडलं कसं म्हणायचं?"

"मालकी वेगळी आणि राबणं वेगळं, ताई."

"तुला राबणं दिसतं. मला काम दिसतं."

हे भांडण आपण अकरा वर्षं केलं. दरवेळी नवीन मुद्दे. मी म्हणायचो, घोडं रविवारीही खातं, ट्रॅक्टर नाही खात. तू म्हणायचीस, ट्रॅक्टर घेतला की तो परवडायला जास्त जमीन लागते, जमीन वाढवली की मोठा ट्रॅक्टर लागतो, आणि एक दिवस कळतं की आपण ट्रॅक्टरकडे नोकरीला आहोत. मी म्हणायचो, तुझ्या साडेचार एकरांनी जगाचं पोट भरत नाही. तू म्हणायचीस, जगाचं पोट भरायचं कंत्राट मी घेतलेलं नाही, सत्तर घरांचं घेतलंय. त्या सत्तर घरांत माझंही होतं. दर शनिवारी वैशाली मला भाजीचं खोकं आणायला पिटाळायची. तुझ्याशी वाद घालून मी तुझीच गाजरं गाडीत ठेवायचो आणि घरी जायचो.

घोड्या तू कॉलिनकडूनच विकत घेतल्यास, पण पहिल्या तीन महिन्यांत त्यानं तुला काहीच करू दिलं नव्हतं. फक्त खरारा करायचा, खूर साफ करायचे आणि घोडीला धरून चालायचं. तुझी उंची पाच फूट दोन इंच. मेबलच्या खांद्याशीही तू पोचायची नाहीस. ती एकदा तुझ्या पायावर उभी राहिली, तर तू कॉलिनला हाका मारल्यास आणि त्यानं कुंपणापाशी उभं राहून विचारलं, "तिला सांगितलंस का बाजूला हो म्हणून?" तुला ते सुचलंच नव्हतं. तू मराठीत ओरडलीस, "मागं हो गं बये!" आणि ती झाली मागे. तेव्हापासून त्या शेताची भाषा मराठी. चल, थांब, मागं, हळू. कॉलिनलाही ती शिकावी लागली, कारण घोड्या इंग्रजी विसरल्या. तो 'ठांब' म्हणायचा. घोड्यांना तेही समजायचं.

रोझ कुळवासकट उधळली तो दिवस मात्र तुझ्या तोंडून ऐकण्यात मजा होती. पतंगासारखा एक प्लास्टिकचा कागद उडत आला आणि बाई जी सुटली ती बांधावरून थेट रमणभाईंच्या फ्लॉवरमध्ये. रमणभाई तेव्हा तुला फक्त नावानं ओळखायचे. त्यांच्या आजोबांपासून त्यांचं घराणं तिथं भाजी पिकवतंय. तू धापा टाकत पोचलीस, माफी मागायला तोंड उघडलंस, तर ते कमरेवर हात ठेवून फ्लॉवर खाणाऱ्या रोझकडे बघत होते. म्हणाले, "सुजाताबेन ना तुम्ही? बरं आहे, तुमची घोडी शाकाहारी आहे."

त्यानंतर तुमची मैत्री झाली. त्यांनीच तुला सांगितलं की त्यांच्या आजोबांच्या काळी इथल्या गावातला गोरा न्हावी त्यांचे केस कापायचा नाही. तू ते मला सांगितलंस तेव्हा तुझा आवाज बदलला होता. "बघ ना मिलिंद. इतक्या लांब. आणि तीच गोष्ट."

अण्णा आले त्या वर्षीची गोष्ट मी परवा सगळ्यांना सांगितली. तुला आवडलं नसतं, पण सांगितली. महिनाभर ते तुझ्याकडे होते, आणि महिनाभर त्यांनी शेतात पाय टाकला नाही. सकाळी पॉलिश केलेले बूट घालून कुंपणापाशी येऊन उभे राहायचे. हात मागे बांधलेले. तू नांगर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचीस, वळायचीस, परत यायचीस. त्यांच्या समोरून जाताना म्हणायचीस, "अण्णा, चहा झाला का?" ते मान हलवायचे. मी मनात म्हणायचो, अण्णा आता बोलतील, मला जे जमलं नाही ते अण्णा करतील.

जायच्या आदल्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

"इथं सातबारा नसतो अण्णा. टायटल असतं."

"तेच. कुणाच्या नावावर?"

तू उठून फाइल आणलीस. त्यांनी चष्मा लावला. सगळा कागद, वरपासून खालपर्यंत, इंग्रजीतला शब्द न् शब्द वाचला. नकाशावर बोट फिरवलं. तुझ्या नावावर बोट थांबलं. दुसरं कुणाचं नाव आहे का, ते उलटून बघितलं. मग कागद जपून फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाले, "मला एक झेरॉक्स दे."

ती झेरॉक्स ते पुण्याला घेऊन गेले. ते वारल्यावर मी त्यांचं कपाट आवरलं, तेव्हा पेन्शनच्या कागदांत सापडली. प्लास्टिकमध्ये घातलेली. त्यांनी तुला शाबासकी दिली नाही. मलाही कधी सांगितलं नाही की तू चुकतोयस. पण त्यानंतर मी आपल्या भांडणात त्यांचं नाव घेणं सोडलं. तुझ्या लक्षात आलं होतं का ते?

मग आली ती घरांची भानगड.

तुझ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला घरं बांधायचा प्रस्ताव आला. आधी कुणी मनावर घेतलं नाही, मग मोजणीवाले दिसायला लागले. तू लहान शेतकऱ्यांच्या गटाची सेक्रेटरी झालीस, म्हणजे कुणी नको म्हणत असताना हो म्हणालीस. हॉलमध्ये मीटिंगा, चहा, बिस्किटं, आणि पंधरा-वीस माणसं. एकदा मी तुला न्यायला आलो आणि मागच्या खुर्चीवर बसलो, तेव्हा तू बोलत होतीस. "चारशे एकरवाल्याला जो फॉर्म तोच चार एकरवाल्याला. त्याच्याकडे फॉर्म भरायला माणूस आहे. आपल्याकडे आपण आहोत, आणि पाऊस थांबलाय, शेतात जायचंय. आपल्याला कुणी हाकलत नाही. आपल्याला फक्त दमवतात. मग आपणच एक दिवस म्हणतो, जाऊ दे, विकून टाकू."

रमणभाई उठले. त्यांचं शेत वरच्या अंगाला होतं. "सुजाताबेन, माझ्या आजोबांना जमीन मिळत नव्हती, ते दुसऱ्याची कसायचे. माझ्या बापानं ती घेतली. माझे गुडघे गेलेत. पोरं मेलबर्नला आहेत, ती येणार नाहीत. जो घेईल त्याला मी विकीन. माती चांगली आहे, मान्य. पण ती चांगली ठेवायची जबाबदारी माझ्या एकट्याच्या गुडघ्यांवर का?"

घरी जाताना गाडीत तू मीटिंगचे कागद पिशवीत भरलेस. मग म्हणालीस, "ते बरोबर बोलले रे. तेच तर अवघड आहे."

तुझं हे मला फार आवडायचं. तुला समोरच्याचं बरोबर असलेलं दिसायचं, आणि तरी तू आपली बाजू सोडायची नाहीस.

आता जे लिहायचंय, त्यासाठी तीन आठवडे घालवलेत मी.

त्या घरांच्या प्रस्तावाचं ड्रेनेजचं काम आमच्या ऑफिसला आलं. साहेबांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. मी नकाशा उघडला आणि तुझा रस्ता ओळखला. त्याच वेळी उठून सांगायला हवं होतं, माझी बहीण तिथं राहते, हे काम दुसऱ्याला द्या. साहेब चांगले आहेत, त्यांनी दिलं असतं. मी सांगितलं नाही. प्रमोशनचं वर्ष होतं. शिवाय मनात म्हटलं, मी फक्त पाण्याचा हिशोब करतोय, घरं काय मी बांधतोय? दोन महिने दर शनिवारी मी तुझ्याकडे आलो, भाजी घेतली, चहा प्यालो, तुझी तक्रार ऐकली आणि सोमवारी जाऊन तुझ्या विरुद्धच्या रिपोर्टवर बसलो.

त्या प्रस्तावाच्या सुनावणीला तू आलीस ती शाळेच्या परीक्षेला आल्यासारखी, तेल लावून, घट्ट वेणी घालून. मी अर्जदाराच्या बाजूला बसलो होतो. तू मला बघितलंस. चेहऱ्यावर काहीही नाही. मला वाटलं, तू उठून जाशील.

तुझी पाळी आली. तू मातीबद्दल बोललीस, घोड्यांबद्दल अगदी थोडं. पॅनेलवरचे तिघं ऐकत होते, पण असं काही त्यांनी बरंच ऐकलेलं असणार. मग तू कागद बाजूला ठेवलास.

"मला समजलं की इथं मी इंजिनिअरना थेट प्रश्न विचारू शकत नाही. तुम्ही विचारू शकता. मग कृपया त्यांना विचारा, वरच्या अंगाला छपरं आणि रस्ते झाले, आणि खरोखर मोठा पाऊस आला, तर पाणी कुठं जाईल?"

अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "सांगाल का?"

ते रिपोर्टमध्ये होतं, ताई. खोटं काहीच नव्हतं. पण होतं शेवटी, एका तक्त्यात, कुणी उलटून बघणार नाही अशा पानावर. मी तसं लिहिलं होतं. साहेब माझ्या शेजारी बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी म्हणालो, "नेहमीच्या पावसाला आम्ही आखलेला, पाणी अडवायचा तलाव पुरेल. मोठ्या पावसात पुरणार नाही. पाणी खालच्या शेतांत जाईल."

"किती?"

मी सांगितलं.

पुढचं तुला माहीत आहे. वरच्या अंगाला परवानगी मिळाली, पण आधी मोठा तलाव करायच्या अटीवर. खालचा सपाट पट्टा, तुझा आणि आणखी पाच जणांचा, बुडण्यातून वाचला आणि शेतीलाच राहिला. लोकांनी तुझं अभिनंदन केलं तर तू म्हणालीस, "आत्तापुरतं." रमणभाईंनी विकलं. त्यांचं सामान हलवायला तूच गाडा जोडून गेलीस, त्यांचे शेवटचे कांदे तूच आणलेस, आणि दोघं त्या कांद्यांच्या पोत्यांवर बसून चहा प्यालात. माझं म्हणशील तर, साहेब ओरडले नाहीत. फक्त ते काम काढून घेतलं. प्रमोशन पुढच्या वर्षी झालं, कुणी मेलं नाही.

पण तू माझ्याशी पाच आठवडे बोलली नाहीस.

मीही फोन केला नाही. रोज ठरवायचो. वैशाली शनिवारी एकटीच भाजी आणायला जायची, आणि मी विचारायचो, ताई कशी आहे? ती म्हणायची, बरी आहे. मग एके सकाळी तुझाच फोन. "शनिवारी ये. बटाटे काढायचेत, कॉलिनची पाठ धरलीये." मी आलो. तू मला पोती दिलीस. आपण दिवसभर बटाटे वेचले. दुपारी बांधावर बसून भाकरी, ठेचा आणि तुझ्या हातचं पिठलं. तू मला पहिल्यांदा लगाम दिलास तो त्याच दिवशी. सुनावणीबद्दल एक शब्द नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतर चार वर्षांत नाही.

मला वाटत राहिलं, तू मोठ्या मनानं विषय सोडलास. मी त्यातच समाधान मानलं. आणि खरं सांगू, ती चार वर्षं आपली सगळ्यात छान गेली. मी शनिवारी भाजीसाठी यायचो, तो कामासाठी यायला लागलो. नांगराच्या तासाच्या टोकाला घोड्या थांबायच्या, तू मानेवरच्या कॉलरखाली हात घालून बघायचीस, घासलं तर नाही ना. मी नांगराला टेकून उभा राहायचो. घामाचा, चामड्याचा आणि ओल्या मातीचा वास. आपण काही बोलायचो नाही, किंवा जुनंच भांडण चघळायचो. "मिलिंदराव, नखांत माती गेली हो," तू म्हणायचीस. मी म्हणायचो, "हौस म्हणून आलोय. मी काही राबत नाही." तुला इतकं हसू यायचं.

शेवटच्या महिन्यात तुझा पलंग आम्ही खिडकीशी लावला. तुला दुखत होतं, ते मी खोटं कशाला लिहू. पण तू उदास नव्हतीस. रोझ कुंपणावरून मान घालून खिडकीकडे बघायची, तर तू म्हणायचीस, "बघ, बॉस आली. म्हणतेय, ही बाई आज पण सिक लीव्हवर?" एकदा मी विचारलं, ताई, काही राहिलं का गं? तू विचार केलास. खरंच केलास, उगाच नाही म्हणायचं म्हणून म्हणाली नाहीस. मग म्हणालीस, "मला आणखी दहा वर्षं चालली असती. पण जी झाली ती माझीच झाली. दुसऱ्या कुणाची नाही झाली." मी मान हलवली. तेव्हा सांगायला हवं होतं. तुझ्या पायांवरची गोधडी मी नीट केली.

परवा रात्रीचं जेवण झाल्यावर मी वैशालीला म्हटलं, ताईला किती धक्का बसला असेल ना, मला तिथं समोर बसलेलं बघून.

वैशाली भांडी पुसत होती. ती थांबली. "तिला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू त्या कामावर आहेस ते. मीच सांगितलं होतं. सुनावणीच्या महिनाभर आधी. मला बघवत नव्हतं रे, तू दर शनिवारी तिथं जाऊन बसायचास."

मी तिच्या हातातलं ताट काढून ओट्यावर ठेवलं.

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं झालं सांगितलंस. मग म्हणाली, तो खोटं नाही बोलणार. त्याला फक्त कुणीतरी विचारायला हवं." वैशालीनं फडकं दोरीवर टाकलं. "आणि मला शपथ घातली, तुला सांगायचं नाही म्हणून. म्हणाली, तो येईल. स्वतःहून सांगायला येईल. मी थांबते."

पाच आठवडे, ताई. मला वाटत होतं तू रागावली आहेस. तू वाट बघत होतीस.

आणि मी येत नाही असं बघून तू बटाट्यांचं निमित्त काढलंस. तुला कामाला माणूस मिळणार नव्हता असं थोडंच होतं? हॉलमधले पंधरा जण धावत आले असते. कॉलिनला मी काल विचारलं, तेव्हा तुझी पाठ धरली होती का रे? तो म्हणाला, "माझी पाठ? माझी पाठ ठणठणीत आहे. गुडघे विचार."

मी खूप हसलो. आणि मग तबेल्याच्या मागे जाऊन जे रडायचं ते रडलो. कॉलिननं बघून न बघितल्यासारखं केलं. ही माणसं त्यात हुशार असतात.

तू विचारलं नसतंस, तर मी त्या दिवशी बोललो असतो का? हा प्रश्न मी स्वतःला चार वर्षं विचारतोय. प्रामाणिक उत्तर असं, की मला माहीत नाही. बहुतेक नसतो बोललो. तुला हे माहीत असणार. म्हणून तर तू विचारलंस. तू स्वतःची जमीन वाचवायला तो प्रश्न विचारलास असं सगळे समजतात. मलाही तसंच वाटायचं. आता वाटतं, त्या खोलीत तू दोन गोष्टी वाचवत होतीस.

जमिनीचं पुढं काय, ते अजून ठरलेलं नाही. मी ऑफिसात शुक्रवारची सुट्टी मागितलीये, साहेब हो म्हणालेत. कॉलिन उलट्या बादलीवर बसून मला शिव्या घालतो, म्हणजे शिकवतो. खालच्या पाच जणांपैकी दोघं म्हणतात, तुझ्या घोड्यांनी आमचीही नांगरट कर, जमीन ओली आहे आणि ट्रॅक्टर रुततो. सत्तर घरांना मी कळवलंय की भाजी थोडी उशिरा, थोडी वाकडीतिकडी येईल. एकानंही यादीतून नाव काढून घेतलेलं नाही. बघू. तुझ्यासारखं अकरा वर्षं जमेल असं मी म्हणत नाही. या हंगामाचं जमेल.

आज लसूण लावला. थंडी होती, पण ऊन होतं. सहा ओळी झाल्या, त्यातल्या चार सरळ म्हणता येतील. काम झाल्यावर कॉलिन घरात चहा करायला गेला, आणि मी एकटाच तुझ्या शेताच्या मधोमध उभा होतो. आजूबाजूला कुणी नव्हतं. मग मी ते मोठ्यानं म्हणालो. इथंही लिहून ठेवतो, म्हणजे राहायला नको.

ताई, तो रिपोर्ट मीच लिहीत होतो. मी तुला आधी येऊन सांगायला हवं होतं. माझं चुकलं.

एवढंच होतं. पाच आठवड्यांचं काम नव्हतं ते.

आता अंधार पडायच्या आत घोड्यांना पाणी दाखवतो.

तुझा,
मिलिंद